सुईणीच्या सायकलचं चाक

चाकांना नि पंपांनाही वाचा होती, त्या काळची गोष्ट. सुगंधा सुईणीच्या सायकलचं पुढचं चाक सावरीचा कापूस उडताना पाही आणि आपणही तसंच तरंगावं म्हणून झुरे.

एका सकाळी डोंगरापलीकडच्या वाडीतून बोलावणं आलं. सुगंधाबाई हवा भरू लागल्या, तसं चाक पंपाला म्हणालं, "आजोबा, आणखी भरा. मला हलकं व्हायचंय."

"वाट खडीची आहे, बाळा. एवढी बास."

चाकानं हट्ट धरला. पंप विरघळला.

धुक्यातून चाक जणू तरंगतच निघालं. मग खडी लागली. दगडासारखं टणक झालेलं चाक टणकन उडालं आणि सुगंधाबाई आपटल्या. गुडघा फुटला.

"तिकडे बाळंतीण अडलीय रे," त्या कळवळून म्हणाल्या.

चाक ओशाळलं. "बाई, थोडी हवा सोडा."

त्यांनी व्हॉल्व्ह सैल केला. हवा सुस्कारत गेली. बाई पुन्हा बसल्या, तेव्हा चाक त्यांच्या भारानं किंचित दबलं आणि वाटेची ऊब त्याला पहिल्यांदाच जाणवली.

"बास," ते हळूच म्हणालं.

दुपारी वाडीतल्या एका घरातून बाळाचं रडणं आलं. अंगणातलं चाक कितीतरी वेळ ते ऐकत राहिलं.