दाराबाहेरच्या चपला

"कुलूप तर लावलंय, बुवा. आता कुणाला काय कळणार आहे?"

शार्दूलने हे विचारलं ते छाती पुढे काढून. त्याची हुशारी अशी, की एस.टी. घाटात तापते ती इंजिनामुळे नव्हे, गाडीत बसलेल्या या पोराच्या डोक्यामुळे, असं कंडक्टर शपथेवर सांगायचा. पुण्यातली नोकरी सोडून तो अवचितबुवांच्या मठात शिकायला आला होता. निदान तो तसं म्हणायचा.

घरातल्या मारहाणीला कंटाळून निघालेल्या बायका मठात येत. बुवा त्यांना गावोगावच्या भल्या घरांत लपवत. त्यांच्या जबान्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवायचं काम शार्दूलकडे. त्यातली हौसाची जबानी डिस्कवर घालून उद्या कोल्हापूरच्या वकीलबाईंकडे पोचवायची होती. आणि हौसाचा दीर माणसं घेऊन घाटाच्या नाक्यावर बसला होता. मठाकडून येणारी प्रत्येक गाडी तो झडती घेऊन सोडत होता.

"एकेक फाइल एन्क्रिप्ट केलीय," शार्दूल म्हणाला. "डिस्क हिसकावली तरी आतलं एक अक्षर वाचता येणार नाही."

बुवांनी डिस्ककडे बघितलंच नाही. सभामंडपाच्या बंद दाराकडे बोट केलं.

"आत कोण आहे?"

"दार बंद आहे, बुवा."

"म्हणून तर विचारतोय."

शार्दूल हसला. मग त्याची नजर खाली गेली. उंबऱ्याबाहेर चपला होत्या.

"एक म्हातारी आहे. एकच टाच झिजलीय, काठी टेकत चालत असणार... एक लेकुरवाळी. हे शिट्टीचे बूट तिच्या पोराचे..."

"आणि ती?"

"ती... पुरुषाच्या चपला घालून आलीय. हाताला लागल्या त्या पायात सरकवून पळालीय. चिखल ओला आहे. आजच पहाटे आलीय."

"आतला शब्द ऐकू आला?"

"नाही."



शार्दूलने पुन्हा एकदा चपलांकडे बघितलं, मग हातातल्या डिस्ककडे.

पोराला टापटिपीचा भारी सोस. प्रत्येक फाइलला तो स्वच्छ नाव द्यायचा: बाईचं नाव, ती लपली त्या गावाचं नाव. 'हौसा-नेसरी.' जबानी कुलपात होती. फाइलचं नाव, आकार, कधी लिहिली, कधी उघडली, हा सगळा मेटाडेटा उंबऱ्याबाहेर उघडा पडला होता. दिराला जबानी वाचायची गरजच नव्हती. नेसरीला जीप काढली की झालं.

"दुपारपर्यंत तोही झाकतो," तो म्हणाला आणि उठला. जेवायला बोलावलं तरी हलला नाही. दुपार कलता कलता तो परत आला.

"नावं, आकार, तारखा, सगळं झाकलं. आता नुसता गिचमिडा दिसतो."

"किल्ली कुठंय?"

"त्याच डिस्कवर. पण अशा ठिकाणी ठेवलीय, बुवा, की भल्याभल्यांना..."

बुवा उठले. दाराशी गेले. शार्दूलचा डावा बूट उचलून उलटा केला.

खण्णकन कोठीघराची किल्ली फरशीवर पडली.

"ही पण अशाच ठिकाणी ठेवली होतीस," बुवा म्हणाले. "मांजरालासुद्धा माहीत आहे."

शार्दूलचे कान लाल झाले.

"एक उपाय आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "वकीलबाई मागच्या खेपेला एक डिस्क देऊन गेल्यात. तिच्यात वेगळी चिप आहे. किल्ली त्या चिपच्या पोटातच तयार होते आणि बाहेर कधीच येत नाही. आत जाईल ते नावागावासकट सगळं चिपच झाकते. एकदा मिटली, की उघडते फक्त बाईंच्या बोटाच्या ठशाने."

"मग वापरली का नाहीस?"

शार्दूलने फरशीवरची किल्ली उचलून खिशात टाकली.

"बोल की, बाबा."

"त्यात किल्ली मलाही दिसत नाही, बुवा. सगळं मी सांभाळायचं आणि मलाच माहीत नसायचं?"

बुवांनी दाराबाहेरच्या चपला एकेक करून उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या. शिट्टीचा बूट वाटेत वाजला.

शार्दूलने रात्र व्हायच्या आत वकीलबाईंची डिस्क भरली. जुनी पार पुसून काढली. सकाळी स्वतःच निघाला.

नाक्यावर त्याला गाडीतून उतरवलं. दिराने सोबत कॉम्प्युटरवाला आणला होता. त्याने डिस्क जोडली, डोकं खाजवलं, पुन्हा जोडली. आत काही आहे की नाही, हेच दिसेना.

"किल्ली सांग," दीर म्हणाला.

"मला माहीत नाही."

पहिली थोबाडीत बसली. "तूच केलंस ना हे सगळं? लई शहाणा आहेस म्हणतात."

"मीच केलं. किल्ली मला माहीत नाही."

जन्मात पहिल्यांदा शार्दूल असं वाक्य बोलत होता, आणि लागोपाठ बोलत होता. पुढच्या तडाख्यांत त्याच्या ध्यानात आलं, की नेसरीचं नाव तोंडून निसटू नये म्हणून दाताखाली धरावं लागत होतं. किल्ली मात्र धरावी लागतच नव्हती.

शेवटी कॉम्प्युटरवालाच वैतागला. "साहेब, ही डिस्क म्हणजे दगड आहे. सोडा." दिराने डिस्क ओढ्यात भिरकावली.

सूर्य मावळताना शार्दूल लंगडत मठात आला. ओठ सुजलेला. बुवा दाराशीच बसले होते.

"डिस्क गेली," तो म्हणाला. "मूळ जबानी आपल्या कॉम्प्युटरमध्ये आहे. वकीलबाईंना निरोप धाडलाय, त्या तसलीच दुसरी पाठवतायत. ती आली की पुन्हा निघतो. या वेळी डोंगरातून."

"हौसा?"

"नेसरीतच आहे. सुखरूप."

बुवांनी त्याच्या पायांकडे बघितलं. रक्ताळलेले, धुळीने माखलेले, अनवाणी.

"बूट कुठे?"

"त्यांनी फाडले, बुवा. त्यांचे तळसुद्धा उसवले. किल्ली शोधत होते..."

बुवा बाजूला सरकले. दार उघडलं.

"ये आत. आज बाहेर काढून ठेवायला काही नाही तुझं."