शेंड्याला हात नाही

कोयते बोलायचे, तेव्हाची गोष्ट. धाकू शिगवणचं ऐनाच्या झाडांचं लहानसं रान होतं. दरवर्षी तो फांद्या छाटून, त्या जाळून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचा. शेंडा मात्र राखायचा.

एका वर्षी त्याने जास्त जमीन भाजायला काढली. फांद्या पुरेनात. "आता शेंडेही घेऊ," म्हणत तो ऐनावर चढला. पण कोयता हलेना.

"शेंडा गेला की झाड खंगतं. मी नाही तोडणार," कोयता म्हणाला.

"रान माझं आहे. तूसुद्धा माझाच आहेस."

"रान तुझंच, धाकूदादा. मग पुढच्या वर्षी फांद्या मागायला कुणाच्या रानात जाशील?"

धाकूने कोयता कमरेला खोचला. मग तो खाली उतरला आणि त्याने भाजायला काढलेली जास्तीची जमीन तशीच सोडून दिली.