चिर्र-टुक

माळावरचं गवत माणसाच्या डोक्याला लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. एका चंडोल पक्षिणीने ठरवलं, पिल्लाला पाखरांच्या शाळेत घालायचं नाही. गाणं घरीच शिकवायचं.

पिल्लू तेव्हा 'चिर्र-टुक, चिर्र-टुक' असं आपल्या मनाचं काहीतरी म्हणायचं.

"हे काय गाणं झालं?" म्हणत आईने कोकिळेची पद्धत आणली. ती जरा कुठे जमतेय, तोच शेजारची टिटवी म्हणाली, "अगं, हल्ली सगळे दयाळाचंच शिकवतात." मग दयाळाची आणली. शेवटी बुलबुलाची.

"आई, माझं म्हणू का गं?" पिल्लू विचारायचं.

"आधी नीट शीक, राजा. मग म्हण."

शहाणं पिल्लू ते! सगळं शिकलं.

एका सकाळी दाट धुकं उतरलं आणि पिल्लू वाट चुकलं. घाबरून हाका मारू लागलं. पण जुनं चिर्र-टुक काही केल्या गळ्यातून निघेना. निघालं ते बुलबुलाचं, सुरेल आणि बिनचूक.

आई त्याच्या डोक्यावरूनच उडत होती. हाक ऐकून ती क्षणभर थबकली.

"बुलबुलाचंही पोर हरवलेलं दिसतंय गं बाई," ती कळवळून म्हणाली, आणि चिर्र-टुक कुठे ऐकू येतंय का, ते शोधत पुढे निघून गेली.