अंतू कासाराचा अंगठा

“बाबा, ज्या हातात जीव उरला नाही, त्या हातानं नवरीला चुडा भरावा का?”

सोमगीर बाबा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाचा हात?”

“माझाच.”

अंतू कासारानं उजवा हात पुढं केला. अंगठ्याच्या बुडाशी जिथं मांसाची गादी असते, तिथं खळगा पडला होता. मनगटात नस दबली होती, म्हणून त्यानं शहरात जाऊन ऑपरेशन करून घेतलं. मुंग्या गेल्या, रात्रीची झोप परत आली. अंगठा मात्र पूर्वीचा झाला नाही. डॉक्टर म्हणाले, आजोबा, यायला उशीर केलात, वाळलेलं मांस आता भरून यायचं नाही.

तेव्हापासून अंतूनं बटणांचे सदरे सोडले होते. गळ्यातून घालायची पैरण बरी. दुकानात सून बसायची.

त्याच्या मागं त्याची नात उभी होती, चंद्रा. उद्या तिचा चुडा, परवा लग्न.

“तुम्हीच सांगा यांना, बाबा,” ती म्हणाली. “चुडा भरीन तर आजोबांच्या हातनं. नाहीतर मोकळ्या हातानं बोहल्यावर चढते.”

“ऐकलंत? अहो, शेजारच्या गावचा कासार बोलावला होता. चांगला हातखंडा असलेला माणूस...”

“हाकलून दिला मी त्याला.”

बाबांनी एक दाणा तोंडात टाकला.

“मग भरत का नाहीस, अंतू?”

अंतूनं हात मागं घेतला. ओढ्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“बाबा, बायका लांबून माझ्याकडं यायच्या. हात माझ्या हातात दिला की त्यांना काही म्हणता काही करावं लागत नसे. अंगठ्यानं तळवा असा दाबायचो... बोलता बोलता बांगडी मनगटावर. कधी कुणाला ओरखडा नाही. आणि आता मांडवात, विहिणींसमोर, माझ्याच नातीची बांगडी माझ्या हातून वाढली तर?”

बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. कासाराच्या तोंडून तर तो शब्द निघतच नाही.

“बांगड्या आणल्यात?”

चंद्रानं पिशवी उघडली. हिरव्यागार बांगड्या उन्हात चमकल्या.

बाबांनी टरफलं झटकली आणि हात पुढं केला.

“मला भर.”

“बाबा!”

“गाव म्हणतंच, या गोसाव्यानं हातात बांगड्या भरल्यात, नुसता बसून खातो. एकदा खरं होऊ दे.”

चंद्रानं तोंडाला पदर लावला, तरी हसू बाहेर आलंच.

अंतूनं बाबांचा हात धरला. हाडकुळा, लहानखुरा हात. पोरीच्या मापाची बांगडी जाण्यासारखा. त्यानं बांगडी बोटांवरून चढवली, अंगठा टेकवला, दाबलं... अंगठा घसरला.

कट्.

हिरवे तुकडे ओट्यावर पडले. अंतूचा चेहरा उतरला.

“वाढली,” तो पुटपुटला.

“वाढू दे. माझ्या सौभाग्याची काळजी तू करू नकोस.”

आता अंतूच्याही ओठांचा कोपरा हलला.

“दुसरी घे,” बाबा म्हणाले. “आणि मला सांग, विडी कशी धरतोस?”

“आं?”

“विडी, विडी. आत्ता ओढायची असली तर कशी धरशील?”

“अशी...” अंगठ्याशेजारची दोन बोटं आपोआप जवळ आली.

“आणि अंगठा?”

“त्याचं तिथं काय काम?”

“बांगडी तशी धर.”

अंतू संकोचला. “सौभाग्याची वस्तू... विडीसारखी धरू?”

“विडी मात्र यांच्या हातून एकदाही पडली नाही, बाबा,” चंद्रा म्हणाली. “ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही!”

“गप गं, टवळे!”

पण त्यानं धरली. दोन बोटांच्या बेचक्यात बांगडी, डाव्या हाताचा खालून आधार.

“ढकलू आता?”

“ढकलू नको. नुसता धरून बस.”

“मग चढेल कशी?”

बाबांनी आपला अंगठा तळव्यात दुमडला, बोटं जुळवली, हात होईल तेवढा लहान केला आणि हळूच बांगडीत सरकवला. बांगडी मनगटावर आली.

बाबांनी दुसरीही तशीच चढवून घेतली. मग हात कानाशी नेऊन हलवला. किण् किण्... म्हातारा लहान मुलासारखा खूश झाला.

“माझा हात राहिला की!” म्हणत चंद्रा आजोबांपुढं फतकल मारून बसली. तिनं अंगठा आधीच दुमडला होता. “धरा, आजोबा. एकच भरते. बाकीच्या उद्या मांडवात.”

अंतूनं बांगडी धरली. चंद्राचा हात आला, बोटांच्या पेरांपाशी जरा अडला, वळला... आणि पार झाला. कुठं ओरखडा नाही.

“बघा!” चंद्रा ओरडली. “आता विहिणी विचारतील, ही कुठली नवी तऱ्हा? सांगेन, आमच्या घराण्याची आहे!”

अंतू खदखदून हसला. ऑपरेशनपासून तो असा हसला नव्हता. हसता हसता डोळे पुसायला त्यानं तोच उजवा हात वर नेला. आणि तिथंच थांबला.

“पण बाबा... हे काही भरणं झालं नाही.”

“का?”

“हात तिनंच घातला. बळ तिचं, वळण तिचं. मी काय केलं? मी नुसता धरून बसलो.”

चंद्रा मनगटावरची बांगडी हळूहळू फिरवत राहिली.

बाबांनी शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. त्यांच्या हातातल्या बांगड्या वाजल्या.

“परवा ती सासरी निघेल, अंतू... तेव्हा याहून वेगळं काय करणार आहेस?”