जावईबापू आणि अंजिरी पातळ

“म्हणजे तो येतो, पण खाली उतरत नाही. असंच ना, सर?”

खातूसरांनी बशीतला चहा संपवला.

“असंच.”

“का उतरत नाही?”

सरांनी परसदाराकडे पाहिलं. तिथे भांडी घासायचा दगड होता, नळ होता, आणि काल दुपारपासूनची भांडी होती.

“विचारलं नाही,” सर म्हणाले.

देवरुखच्या बाहेर, टेकडीच्या पायथ्याशी सरांचं घर. सरांचा जन्म जंगलातल्या पशुपक्ष्यांचे फोटो काढण्यात गेला. त्यांचे फोटो पाहून ज्यांनी कॅमेरे घेतले, त्यांत पुण्याचा हृषीकेश कारखानीसही होता. आता त्याच्याकडे सरांपेक्षा मोठी लेन्स होती. आणि सरांना जे जमलं नाही ते आपल्याला जमेल, असं त्याला वाटत होतं.

सरांना न जमलेली गोष्ट एकच होती. ती त्यांच्याच परसात होती.

दर थंडीत तिथे एक स्वर्गीय नर्तक पक्षी यायचा. पांढराशुभ्र नर, काळंभोर तुरेदार डोकं, शेपटीला हातभर लांब दोन फिती. सरांची बायको, इंदुकाकी, भांडी घासायला बसल्या की तो फणसावरून उतरायचा. खरकट्यावरच्या माशा टिपायचा, विसळणाच्या पाण्यात बुडी मारायचा. काकींपासून हातभर अंतरावर. सर कॅमेरा घेऊन दारात आले की जायचा.

काकी त्याला जावईबापू म्हणायच्या. पांढरे कपडे, वर्षातून एकदा येणं, आणि खाऊन झालं की निघणं.

गणपतीनंतर काकी गेल्या. यंदा जावईबापू आले ते फणसावरच बसून राहिले.

“रविवारी प्रदर्शन आहे, सर,” कारखानीस म्हणाला. “पत्रिकेवर त्याचं नाव छापलंय. मधली भिंत त्याच्यासाठी ठेवलीय.”

“फोटो काढण्याआधी?”

“मला खात्री होती.”

“त्याला कळवलं होतं?”

कारखानीस हसला नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या. ऑफिसात, सोसायटीत, सासरी. मधली भिंत रिकामी राहिली तर त्याला कुठेच तोंड दाखवता येणार नव्हतं. सासरी तर नाहीच.

त्यानं उठून भिंती पाहिल्या. बिबट्या, शेकरू, धनेश, ऊदमांजर, पिलांना पाठीवर घेतलेलं खवलेमांजर. माजघरापर्यंत सगळं जंगल.

“काकींचा फोटो दिसत नाही कुठे.”

“आहे की. मतदार ओळखपत्रावर.”

“तोच मोठा करून लावायचा.”

“लावला होता. भेटायला आलेली माणसं घाबरली.”

…

दुसऱ्या दिवशी उजाडताच कारखानीस परसात उतरला. अंगात पानापानांचा पोशाख, डोक्यावर पानांची टोपी, तोंडावर हिरवी जाळी. लेन्सलाही पानं. जास्वंदीशेजारी तो असा बसला की जास्वंद कुठली आणि कारखानीस कुठला, हे सांगता येऊ नये.

शेजारच्या शेळीला सांगता आलं नाही. तिनं येऊन त्याची बाही चावली.

जावईबापूंना मात्र सांगता आलं. फणसावरून त्यांनी एकदा खाली पाहिलं, एकदा ओरडले, आणि फिती फडकवत माडांच्या पलीकडे गेले.

“मी हललोसुद्धा नाही, सर!”

“शेळी ओढत होती तेव्हा हललात.”

“पण हा पोशाख परदेशी आहे. यात माणूस दिसतच नाही.”

“तेच झालं,” सर म्हणाले. “माणूस त्यानं रोज पाहिलाय. बसलेलं झुडूप शेळीला शिव्या देताना आज पहिल्यांदा पाहिलं.”

…

“मग मी काय करू?”

“भांडी घासा.”

कारखानीसच्या चेहऱ्यावर समजुतीचं तेज आलं. गुरू आधी लाकडं फोडायला लावतो, पाणी भरायला लावतो, शिष्याचा अहंकार गेला की मग विद्या देतो, हे त्यानं वाचलेलं होतं.

“कळलं, सर. अहंकार घासायचा.”

“नाही. भांडी. कढई करपलीय.”

सर आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ दुसरा कसलाच आवाज आला नाही. मग ते एक धुवट अंजिरी पातळ घेऊन बाहेर आले.

“हे नेसा.”

“सर?”

“पदर डोक्यावरून घ्या.”

“मला नेसता येत नाही.”

“मलाही येत नाही. गुंडाळा.”

“आणि दाढीचं काय?”

“पदर पुढे ओढा.”

कारखानीसनं रस्त्याकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं.

“सर, तुम्हीच का नाही नेसत?”

“मी नेसून बघितलं.”

“मग?”

“तो खालच्या फांदीपर्यंत आला. मान वाकडी करून बघितलं…”

“आणि?”

“मला ओळखतो तो.”

…

पँटवरून पातळ गुंडाळून कारखानीस दगडापाशी बसला. एका हातात काथ्या, दुसऱ्या हातात राख.

“माझे हात भरलेले असणार,” तो म्हणाला. “कॅमेरा तुम्ही धरा. सगळं लावून ठेवलंय, सर. फक्त बटण दाबायचं.”

“कुठलं?” खातूसरांनी विचारलं.

कारखानीसनं दाखवलं. सरांनी लक्ष देऊन पाहून घेतलं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड स्टूल ओढलं आणि बसले.

कारखानीस घासू लागला. पातेलं झालं. दोन ताटं झाली. फणसावर काही हललं नाही.

“येत नाहीये, सर.”

“बोला.”

“काय बोलू?”

“ती बोलायची. हात चालू झाले की तोंड चालू. गप्प बसलेली त्यानं तिला कधी पाहिलीच नाही.”

“कशाविषयी बोलायच्या?”

“माझ्याविषयी.”

“म्हणजे… कौतुक?”

सरांनी विचार केला.

“कौतुक ऐकून तो उडाला असता.”

कारखानीसनं घसा साफ केला. “खातूसर हे एक थोर—”

“हे ती कधी म्हणाली नाही.”

“चहात साखर नव्हती.”

“बरं आहे. पुढे?”

“गादीत ढेकूण आहेत.”

“मोठ्यानं. तिचा आवाज मारुतीच्या देवळापर्यंत जायचा.”

“गादीत ढेकूण आहेत!” कारखानीस ओरडला. “रात्रभर डोळ्याला डोळा नाही! उशीला खोबरेल तेलाचा वास!”

“चालू ठेवा.”

“मी माणसात राहणारा माणूस! सोसायटीचा सेक्रेटरी आहे मी! ऑफिसात माझी सही झाल्याशिवाय कागद हलत नाही! आणि इथे पातळ गुंडाळून दुसऱ्याची करपलेली कढई घासतोय! कढई करपतेच कशी म्हणतो मी?”

उंबऱ्याआडून उत्तर आलं. “पाल दिसली. बेडकी गिळत होती.”

“बघा! बघा!” कारखानीस आता कुणाला सांगत होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं. “गॅसवर भाजी, आणि हे पालीमागे! दूध उतू गेलं तर म्हणणार, उजेड चांगला होता! घरात पाहुणा, तर पाहुण्याला शेळीच्या तोंडी देणार!”

फणसाच्या शेंड्यावर पांढरं काहीतरी सरकलं. ते खालच्या फांदीवर आलं.

“थांबू नका,” सर हळूच म्हणाले.

कारखानीसनं वर पाहिलं नव्हतं. त्याला आता पाहायचंही नव्हतं. करपलेला भाग सुटत नव्हता आणि तो त्या भागावर तुटून पडला होता.

“बिबट्यासाठी रात्र रात्र झाडावर बसायचं! ऊदमांजरासाठी पावसात भिजायचं! खवलेमांजर झालं, त्याची पोरं झाली, सगळ्यांचे फोटो भिंतीवर! आणि घरच्या माणसाचा? जन्मात एक धड फोटो नाही! मतदार ओळखपत्रावरून ओळखायचं का आम्ही त्यांना?”

काथ्या थांबला.

आपण काय बोललो ते कारखानीसला आत्ता ऐकू आलं. नळाचं पाणी तेवढं ठिबकत होतं.

“सर, मी… तसं नव्हतं…”

…

आणि तांब्याच्या काठावर जावईबापू उतरले.

कारखानीसनं श्वास धरला. इतक्या जवळून त्यानं कुठलाच पक्षी पाहिला नव्हता, लेन्समधूनही नाही. काळ्या डोक्याची निळी झाक दिसत होती. डोळ्याभोवतीचं निळं वर्तुळ दिसत होतं. शेपटीची एक फीत पातळाच्या निऱ्यांवर टेकली होती, आणि तिचं वजन लागत नव्हतं.

“सर,” त्यानं ओठ न हलवता म्हटलं, “काढा.”

काही नाही.

“सर… काढा… मधली भिंत…”

पक्ष्यानं एक माशी टिपली. विसळणाच्या पाण्यात बुडी मारली, वर आला, अंग झटकलं. कारखानीसच्या दाढीवर चार थेंब उडाले.

कट्.

एकदाच.

जावईबापू फणसावर गेले, तिथून माडांवर, आणि मग दिसेनासे झाले.

कारखानीस उठला, पातळात पाय अडकून पडला, पुन्हा उठला. कोपरापर्यंत राखेनं माखलेला, पदर गळ्यात, तो उंबऱ्यापाशी धावला.

“मिळाला? सर, मिळाला ना? बघू!”

सरांनी कॅमेरा हातातून सोडला नाही. नुसता त्याच्याकडे वळवला.

फोटो सुरेख होता. पोफळींमधून आलेलं कोवळं ऊन. घासायचा दगड. त्यावर पाठमोरं कुणीतरी ओणवं बसलेलं. डोक्यावरून अंजिरी पदर. एक कोपर उचललेलं, राखेनं माखलेला हात कढईत. नळाला लोंबणारा एक थेंब.

तांब्या जिथून सुरू होत होता, तिथे चौकट संपली होती.

“पक्षी कुठाय?”

सरांनी चौकटीवरून नजर काढली नाही.

“सर, हातभर अंतरावर होता! शेपूट अंगावर होती माझ्या!”

“हो,” सर म्हणाले. “पाहिला मी.”

“मग तुम्ही… तुमच्यासारख्या माणसाचा नेम…”

सरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुन्हा लावला, आणि पुन्हा त्या चौकटीत पाहत राहिले.

कारखानीस खाली बसला, उंबऱ्यावरच. शेळी आली आणि पदराचा वास घेऊन उभी राहिली. खाल्ला नाही तिनं.

“परवा रविवार,” तो म्हणाला. “सगळी माणसं येणार. मधल्या भिंतीवर मी लावू काय, सर?”

सरांनी कॅमेरा मांडीवर घेतला.

“पक्षी कपाटात पुष्कळ आहेत, कारखानीस,” खातूसर म्हणाले. “हवे तेवढे न्या. हा फोटो तेवढा इथे राहू द्या.”