तात्यांच्या गाडीसारखी गाडी

दसऱ्याला वाघजाईच्या देवळापुढे गाड्या पूजेला लावायच्या आणि पालखीनं तिथं थांबायचं, ही आमच्या गावची रीत. यंदा रांगेत पहिली होती तात्या डुबलांची परदेशी मोटारसायकल. तिच्या शेजारी मालननं आपली गाडी आणून लावली. तशीच फुगीर टाकी, तसंच रुंद हँडल. किंमत मात्र तात्यांच्या दोन टायरांएवढी! मालन गावची आशाताई. डोंगरातल्या वस्त्यांवर औषधं पोचवायला तिनं ती नुकतीच घेतली होती.

तात्या भडकले. "ही नक्कल आधी बाजूला घे. देवीपुढं अस्सल तेवढंच उभं राहील!"

गुरवानं कुंकवाचं ताट मागं घेतलं. एवढ्यात पालखी आली. तात्यांनी चपला काढून तिच्यापुढं डोकं टेकवलं.

मालननं विचारलं, "तात्या, अस्सल वाघजाई तर गाभाऱ्यात हाय, जागची हलत न्हाई. पालखीतली मूर्ती तिच्यासारखी घडवलेली. मग तुमी डोकं कशापायी टेकलं?"

"अगं खुळे, ज्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना देवळापर्यंत येववत नाही, त्यांच्या दारात हीच जाते!"

"माझी गाडी बी त्येच करती, तात्या. तुमची वरीसभर शेडात झाकून असती."

माणसं हसली. तात्या हसले नाहीत. त्यांनी आपली गाडी स्वतःच्या हातानं मागं ढकलली आणि गुरवाला म्हणाले, "आधी दारोदार जाणारीला कुंकू लाव."