करवंदीच्या जाळीतला राजा

फार पूर्वी कुंभवती नगरीवर वसुकेतू राजाचा अंमल असताना बोधिसत्त्वाचा जन्म वनाच्या कडेला राहणाऱ्या मध काढणाऱ्यांच्या कुळात झाला होता. चाळीस झोपड्यांची ती वस्ती खैराच्या रानाला लागून होती, म्हणून लोक बोधिसत्त्वाला खदिर, म्हणजे खैर, म्हणत. मध काढताना पोळ्याचा एक तुकडा माशांसाठी ठेवायचा, ही वस्तीची रीत त्याने कधी मोडली नाही.

वसुकेतू राजाला हरिणांचे फार वेड होते. शिकारीचे नव्हे, बघण्याचे. राजवाड्याच्या उत्तरेला एक जुने वन होते आणि त्यात चितळांचा मोठा कळप राहत असे. राजा सज्जात बसून तासन्‌तास तिकडे डोळे लावी. कधी एखादा कान हलताना दिसे, कधी पांढरी शेपटी दिसून नाहीशी होई. राजे लोकांना वाट बघण्याची सवय नसते. एक दिवस त्याने उद्यानपाल नंदकाला बोलावले आणि हे वन असे कर, की मला हरिणे नीट दिसली पाहिजेत, अशी आज्ञा दिली.

नंदक हा मोठा कसबी माणूस. त्याने हात लावला की वाळक्या काडीलाही पालवी फुटायची. पण त्याचे सारे आयुष्य बागेत गेले होते, आणि वन म्हणजे कोणी तरी लक्ष न दिलेली बाग, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्याने करवंदीच्या आणि बोरीच्या जाळ्या मुळासकट उपटल्या. झाडांच्या खालच्या फांद्या पुरुषभर उंचीपर्यंत छाटल्या. पडलेली खोडे उचलली, पालापाचोळा रोज झाडून घेतला, उंच गवत कापून हिरवळ केली. एका खड्ड्यात हरिणे चाटत अशी खारट माती होती, ती ओंगळ दिसते म्हणून भर घालून बुजवली. तळ्याला चिरेबंदी भिंती आणि घडीव पायऱ्या बांधल्या. वानरे फळे खाऊन कचरा करतात म्हणून त्यांना गोफणीने हाकलले. काम संपले तेव्हा राजाने आपल्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला.

पहिले आठ दिवस राजाच्या आनंदाला पारावार नव्हता. सगळा कळप उघड्यावर, अगदी तळहातावर ठेवल्यासारखा दिसत होता. महिन्याभरात तो निम्मा झाला. हिवाळा सरेपर्यंत त्या सुंदर वनात एकही हरीण उरले नाही. राजा रोज सज्जात येऊन बसे आणि हिरवळ बघून परत जाई. त्याला खरोखर दुःख झाले होते. जेवणावरची त्याची वासना उडाली.

आपल्या कामात काही खोट असेल हे नंदकाच्या मनातही आले नाही. त्याने चौकशी केली, तेव्हा खैराच्या रानात चितळांच्या लेंड्या सापडल्याचे कळले. मग काय, मध काढणाऱ्यांनीच काही तरी आमिष दाखवून कळप पळवला, असे त्याने राजाला सांगितले आणि राजाला ते पटले. दुसऱ्यावर ठपका ठेवता आला की माणसाला बरे वाटते. ढोल-काठ्यांनी हाका घालून, म्हणजे रान उठवून, कळप जाळ्यात धरायचा, राजवनात आणून सोडायचा आणि भोवती कुंपण घालायचे, असे ठरले. पण खैराचे रान अफाट होते. कळप नेमका कुठे बसतो हे ठाऊक असल्याशिवाय हाका फुकट जाणार होता. म्हणून खदिराला बोलावणे गेले.

राजाने त्याला सरळच सांगितले. कळपाची बसण्याची जागा दाखवलीस तर साऱ्या वनातला मध तुझ्या कुळाला पिढ्यान्‌पिढ्या तोडून देतो. नाही दाखवलीस तर आठ दिवसांत तुझी वस्ती उठेल.

खदिराने वस्तीचा विचार केला. वस्तीत त्याची म्हातारी आई होती, बाळंतिणी होत्या आणि खैराच्या रानाबाहेर त्यांना कुठे थारा नव्हता.

"जागा मला ठाऊक आहे, महाराज," तो म्हणाला. "पण जाळं लावायला ती मी दाखवणार नाही. हरणांना कुणी पळवलेलं नाही. त्यांना तुमच्या वनात राहता येत नाही."

"असे काय कमी आहे तिथे?" राजाने रागाने विचारले.

"ते मी सांगून पटायचं नाही. आठ दिवस आहेतच, त्यातले दोन मला द्या. पहिला दिवस तुमच्या वनात, दुसरा आमच्या. दोन्हीकडे तुम्ही हरीण व्हायचं."

राजा रागावला होता खरा, पण त्याला खेळांची आवड होती. तो तयार झाला.

दुसऱ्या दिवशी राजवनात राजाने लपायचे आणि खदिराने वाघ होऊन शोधायचे, असे ठरले. राजा एका झाडामागे उभा राहिला. खदिराने त्याला दहा पावलांत शोधले. मग तो दुसऱ्या झाडामागे गेला, तिथेही सापडला. तो आडवा पडला, तर हिरवळीवर त्याचे पोट दिसत होते. ऊन चढले तशी उंच छाटलेल्या फांद्यांखालून झळ आत येऊ लागली. भूक लागली म्हणून त्याने खाली पाहिले. एक पान नव्हते, एक फळ नव्हते. पूर्वी वानरे वरून कोवळा पाला टाकत आणि हरिणे खाली तो खात, हे खदिराने सांगितले तेव्हा दूर उभा असलेला नंदक दुसरीकडे पाहू लागला. शेवटी राजा हातापायांवर रांगत तळ्यावर गेला. पायऱ्या गुळगुळीत होत्या. तो घसरला आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे मागून कोण येते आहे ते त्याला दिसेना.

"पण इथे वाघ आहे कुठे?" तो चिडून म्हणाला.

"हरणाला ते कुणी सांगितलंय?" खदिर म्हणाला.

राजा ओशाळला, पण पुरता विरघळला नाही. त्या संध्याकाळी त्याने नंदकाला एकट्याला बोलावले. हा वेडा उद्या मला कळपाजवळच नेईल, तेव्हा माणसे घेऊन आमच्या मागावर ये आणि दुपारी हाका घाल, असे त्याने सांगितले. खदिराला यातले काही कळू द्यायचे नव्हते. आपण कपट करतो आहोत असे राजाला वाटले नाही. हरिणे परत हवीत, एवढेच त्याला कळत होते.

सकाळी खदिराने त्याला खैराच्या रानात नेले. काट्यांनी राजाचा शेला फाटला, पिंढऱ्या ओरबाडल्या. एका बाजूला गवताळ माळ आणि दुसऱ्या बाजूला दाट झाडी, अशा सीमेवर करवंदीची एक मोठी जाळी होती. चितळांना अशीच कड लागते, चरायला माळ आणि पळायला झाडी, असे खदिराने हळूच सांगितले. राजाला आत बसवून, काही झाले तरी हलू नका, एवढे बजावून तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला दूर जाऊन बसला.

बराच वेळ काही घडले नाही. मग जाळीच्या पलीकडून एक मादी आत आली. तिच्यामागे दोन-तीन दिवसांचे पाडस होते. तिने नाकाने ढकलून त्याला पाचोळ्यात बसवले, त्याचे अंग चाटले आणि ती माळावर चरायला गेली. पाडस राजापासून तीन हातांवर होते. पानांतून उतरलेले कवडसे आणि त्याच्या अंगावरचे ठिपके यांत फरक करता येत नव्हता. राजाने श्वास रोखून धरला. इतक्या जवळून त्याने हरीण कधीच पाहिले नव्हते.

आणि ढोल वाजले.

झाडांवरची वानरे खाकरून ओरडली. माळावरचा कळप झाडीत उधळला. पाडस मात्र आईने बसवले होते तिथेच मान जमिनीला टेकवून पडून राहिले. त्याच्या बरगड्यांखालचे काळीज उडताना राजाला दिसत होते. ढोल त्याचेच होते, माणसे त्याची होती, तरी राजा अंग चोरून बसला. काठ्या झुडपांवर आपटत जवळ येत होत्या. एक काठी या जाळीवर पडली की पाडस संपणार होते.

खदिर उठला. काय झाले ते त्याला समजले होते. त्याने एकदा जाळीकडे पाहिले, त्या नजरेत राग नव्हता. मग तो हात पसरून हाकेवाल्यांपुढे जाऊन उभा राहिला. नंदकाने घोड्यावरून त्याला बाजूला हो म्हणून सांगितले. तो हलला नाही. काठ्या त्याच्या खांद्यांवर, पाठीवर पडू लागल्या. तो खाली बसला, पण वाट सोडली नाही आणि तोंडातून शब्द काढला नाही.

राजाने ते पानांतून पाहिले आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. उठून ओरडावे असे त्याला वाटले, पण मग पाडस दचकून थेट काठ्यांखाली गेले असते. म्हणून कुंभवतीचा राजा पोटावर झोपला आणि एक एक पान बाजूला सारत, आवाज न करता, मागच्या अंगाने जाळीबाहेर सरपटत गेला. वळसा घालून तो उभा राहिला तेव्हा त्याच्या केसांत पाचोळा होता. त्याला आधी कोणी ओळखलेच नाही.

"ढोल थांबवा," तो म्हणाला. "सगळे मागे व्हा. हळू."

माणसे मागे सरली. राजा खदिराशेजारी जमिनीवर बसला आणि फाटक्या शेल्याने त्याच्या खांद्यावरचे रक्त टिपू लागला.

"मी आत आहे एवढे म्हणाला असतास, तर कोणी तुला हात लावला नसता," तो म्हणाला.

"म्हणालो असतो, तर तुम्हाला वाचवायला घोडे जाळीत शिरले असते," खदिर म्हणाला. "माझे वळ चार दिवसांत जातील, महाराज."

 राजाचे डोळे भरून आले.

"मला हरिणांची माया आहे, असे मी आजवर सगळ्यांना सांगत होतो," तो म्हणाला. "मला हरिणे नुसती दिसायला हवी होती."

त्याने हाकेवाल्यांनी आणलेली दोरांची जाळी तिथेच जाळायला लावली. वस्तीला अभय दिले. नंदकाला हाकलून द्यायला तो निघाला होता, पण खदिराने त्याला आवरले. नंदकाचा हात चांगला आहे, त्यालाच करवंदी लावू द्या, मग त्याला लांब उभा राहायला सांगा, असे तो म्हणाला. साऱ्या वनातला मध त्याने घेतला नाही. आपल्या वस्तीला पुरतो तेवढा आहे, असे सांगून तो घरी गेला. नंदकाने जाळ्या लावल्या, तळ्याच्या भिंती फोडल्या, खारट माती उघडी केली आणि उगवलेल्या तणाला हात न लावण्याचे जन्मातले सर्वांत अवघड काम शिकला. तिसऱ्या पावसाळ्यात वानरे परतली. पाठोपाठ चितळे आली. राजाला ही बातमी कळली, पण चितळे पाहायला तो त्या वनात गेला नाही.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, भिक्षूंना सांगितली, कारण एक भिक्षू विहाराभोवतीची झुडपे स्वच्छतेसाठी तोडायला निघाला होता. कथा संपल्यावर शास्ता म्हणाले, "त्या वेळचा नंदक म्हणजे हाच भिक्षू विमलक. ज्याने याला कोयता आणून दिला तो सुरथ तेव्हा राजा वसुकेतू होता. आणि मध काढणारा खदिर तो मीच." त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला सद्गुण, आचरली, तिचे नाव क्षांती, म्हणजे सहनशीलता. विमलकाने कोयता जमिनीवर ठेवला.